बबडू या वेळी खिडकीत अडकत नाही

शमीम, तुला जाऊन अकरा दिवस झाले होते आणि बाराव्या दिवशी सकाळी पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. आधी ते तुझ्याबद्दल बोलले, मनापासून बोलले. मग घसा खाकरून म्हणाले, "विजयाताई, आत्ता विचारायला वाईट वाटतं, पण चित्रकार खोळंबलेत. बबडू या वेळीही खिडकीत अडकतोय ना?"

मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आलं, आणि आल्याबरोबर मी बाजूला बघितलं, कारण अशा वेळी तू काय म्हणतेस ते ऐकायची मला सवय आहे. तू म्हणाली असतीस, "सांग त्यांना, बबडू कधीच सुटला, लेखिका अडकलीय."

मी सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली. आज रविवार आहे. मुखपृष्ठाचं कच्चं चित्र माझ्या फोनमध्ये आहे: खिडकीत अर्धा आत, अर्धा बाहेर लटकलेला जाडा बबडू, हातात समोसा, आणि खाली भिंग घेऊन उभा असलेला हडकुळा, चष्मेवाला निनाद, माझा बालगुप्तहेर. सहा पुस्तकं हे असंच चालत आलं. सातव्यात काय करायचं, हा आपला वाद तू मध्येच टाकून गेलीस. उद्या मला उत्तर द्यायचंय आणि त्याआधी तुझ्याशी बोलायचंय. तुला ठाऊक असलेलंच पहिल्यापासून सांगणार आहे, कारण कबुली द्यायची तर ती मधूनच सुरू करण्यात अर्थ नाही.

चौदा वर्षांपूर्वी इथल्या, दिल्लीच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात माझ्या पुस्तकांचं टेबल मांडलं होतं. तू दहा वर्षांच्या सनाला घेऊन समोर उभी राहिलीस आणि मी नेहमीप्रमाणे तीन सेकंदांत तुझा निकाल लावून टाकला. जाड, हसरी, घामेजलेली; सुगरण असणार; मुलीसाठी चित्रांचं काहीतरी मागेल. तू केंद्र सरकारच्या एका खात्यात नकाशे तपासतेस आणि निम्म्या देशातल्या नद्यांची वळणं तुला पाठ आहेत, हे मला नंतर कळायचं होतं. तू विचारलंस, "बबडू लिहिणाऱ्या तुम्हीच का?" मी खूश होऊन सहीसाठी पेन काढलं.

"माझ्या मुलीला इथली मुलं बबडू म्हणतात," तू म्हणालीस.

सना तुझ्या ओढणीआड उभी होती, तुझ्यासारखीच अंगाने भरलेली. त्यावर मी काय बोलले ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी म्हणाले, "अहो, पण बबडू तर सगळ्यांचा लाडका आहे."

"लाडकं कुत्रंही असतं," तू म्हणालीस आणि पुस्तक घेऊन गेलीस.

पुढच्या रविवारी तू मला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहाच्या कॅन्टीनमध्ये बोलावलंस. मला आवडते तशी मिसळ दिल्लीत तिथेच मिळायची, म्हणून मी आले. नुसतं बोलून घ्यायला मी मुनिरकाहून एवढ्या लांब आले नसते. तू पिशवीतून माझं पुस्तक काढलंस. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या. तुमच्या खात्यात म्हणे एक पद्धत होती: ज्याने नकाशा काढला त्याने तो तपासायचा नाही, शेजारच्याशी अदलाबदल करायची, कारण आपल्या चुकीला आपला डोळा सरावलेला असतो. माझ्या पुस्तकात तू तेच केलं होतंस. एकही वाक्य खोडलं नव्हतंस, फक्त निनादचं शरीर बबडूला दिलं होतंस आणि बबडूचं निनादला. मग तू खणखणीत आवाजात वाचायला लागलीस.

"गरगरीत निनाद डोळे मिटून आरामखुर्चीत पडला होता. तासभर तो हलला नाही." तू वर बघितलंस. "काय करतोय तो?"

"झोपलाय," मी म्हणाले.

"तुमच्या पुस्तकात तो विचार करत होता. आता हे ऐका. हडकुळ्या बबडूने घाईघाईने चौथा समोसा तोंडात कोंबला. काय वाटतं?"

"उपाशी असेल बिचारा."

"शब्द सगळे तुमचेच आहेत, हं," तू म्हणालीस आणि पान उलटलंस.

मी हुकमाचं पान टाकलं. म्हणाले, प्रत्येक पुस्तकात महत्त्वाचा पुरावा बबडूलाच सापडतो, ते विसरू नका. तू मान डोलावलीस. "सापडतो ना. त्याच्यावर बसल्यावर सापडतो. विजयाताई, त्याच्या बुडाला सापडतो. डोक्याला कधी सापडणार?"

शेजारच्या टेबलावरचे दोन साहेब चहाचा घोट तोंडातच धरून थांबले. आधी मी हसले, मग तू, आणि आपलं अहो-जाहो त्याच टेबलावर संपलं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट सुरू झाली, तीही सांगून टाकते. मी मिसळ सांगितली होती, तू बिनसाखरेचा चहा. पांडेजींनी, म्हणजे तिथल्या जुन्या वेटरने, मिसळ न विचारता तुझ्यापुढे ठेवली आणि चहा माझ्यापुढे. तू एक शब्द न बोलता बशी माझ्याकडे सरकवलीस, चहा ओढून घेतलास आणि म्हणालीस, "खा, थंड होईल." मला गंमत वाटली. नंतर चौदा वर्षं दर दुसऱ्या रविवारी हेच होत राहिलं. टेबलभर माझी हस्तलिखितं पसरलेली असायची, बशी मध्येच कुठेतरी असायची आणि पांडेजी येऊन तुलाच विचारायचे, "और लाऊँ, मैडम?" तू शांतपणे म्हणायचीस, "लाओ." दुसरी बशीही मीच फस्त करायचे. मी खादाड आहे आणि अंगाला काही लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पांडेजींना मात्र चौदा वर्षांत कुणी सांगितलं नाही.

आपण दोघी एकमेकींच्या उलट्या बाजूने वाढलो, हे आपल्याला हळूहळू उमगलं. मी पुण्यातली, काडीसारखी, सातव्या वर्षी चष्मा लागलेली. आठवीत मला गणितात शंभरापैकी एकोणीस पडले तेव्हा सरांनी पेपर पुन्हा तपासला, कारण त्यांना वाटलं बेरीज चुकली. बेरीज बरोबर होती, गणितं चुकली होती. तू सांगलीची. तुला त्याच इयत्तेत अठ्ठ्याण्णव पडले तेव्हा बाईंनी विचारलं, कुणाचं बघून लिहिलंस. तू म्हणालीस, माझ्या पुढे कुणीच नव्हतं बसलेलं. बाईंनी बाकांकडे बघितलं आणि मागून बघितलं असेल म्हणाल्या. हे तू मला हसत सांगितलंस. मीही हसले. मग घरी जाऊन मला झोप लागेना, कारण माझ्या मनात आलं की मी गोष्टी लिहायला लागले तीसुद्धा त्या चष्म्याच्या जोरावर. हिला काहीतरी येत असणार असं सगळे धरून चालले, म्हणून मला काहीतरी येऊ लागलं.

"निनादवर पण अन्यायच आहे हा," तू म्हणायचीस. "जेवायचं विसरतो, घाम येत नाही, पोट दुखत नाही. हा काय मुलगा आहे? ज्या बारीक पोरांना गणित जमत नाही त्यांनी तुझी पुस्तकं वाचून काय करायचं?"

"माझ्यासारखं लेखक व्हायचं," मी म्हणायचे. तुला हे उत्तर आवडायचं. तू ते सनालाही सांगितलं होतंस.

चौथ्या पुस्तकात मी तुला खूश करायला निघाले. वत्सलाआत्या नावाचं एक पात्र आणलं. जाड, शांत, सर्वज्ञ, झोपाळ्यावर बसल्या बसल्या गुन्हे उकलणारी, जिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावं अशी. मला वाटलं, आता ही मला मिठी मारणार. तू शेवटच्या पानापर्यंत वाचलंस, पेन्सिल खाली ठेवलीस आणि तुझा चेहरा असा झाला की मी मिसळ खायची थांबले.

"आता देवळात नेऊन बसवलंस मला," तू म्हणालीस. "तुम्हा लेखकांच्या पुस्तकांत जाड बाई एक तर हसवते, नाही तर सुनेला छळते, नाही तर सगळ्या गावाची मांडी होते. तिला एखादी गोष्ट नीट न समजता चालत नाही का? मला रस्ते कळत नाहीत, विजू. नकाशे कळतात, रस्ते कळत नाहीत. गुरुग्राममध्ये मी अजून स्वतःची सोसायटी चुकते. ते कुठेय तुझ्या आत्येत?"

मला राग आला. एवढं तुझ्यासाठी करावं आणि वर हे ऐकावं. मी तीन रविवार आले नाही. मग तुझा मेसेज आला: "पांडेजी विचारतात, मैडम आजकल कुछ खाती क्यों नहीं. मी आजारी आहे असं त्यांना वाटतंय. माझ्या तब्येतीसाठी तरी ये." मी पुढच्या रविवारी हौज खासला मेट्रो बदलली, बायकांच्या डब्यात शिरले, तर तू गुरुग्रामहून आलेल्या त्याच गाडीत माझ्यासाठी जागा धरून बसली होतीस. आत्याला मी पुढच्या पुस्तकात रस्ता चुकवला आणि ती एकदम जिवंत झाली.

एका बाबतीत मात्र मी तुझं कधीच ऐकलं नाही, आणि तू गेलीस म्हणून आता ऐकणार नाहीये. माझं म्हणणं असं की गोष्टीत माणसं पडली पाहिजेत, अडकली पाहिजेत, तोंडात घास असताना पकडली गेली पाहिजेत. जाड माणूस पडला की लिहायचंच नाही, असा नियम केला तर तोही एक प्रकारे त्याला वेगळं बसवणंच झालं. आणि तुझी अदलाबदल प्रत्येक वाक्याला लावली तर विनोद मरतो. तू म्हणायचीस, "पडू दे ना. शंभरदा पडू दे. फक्त पडल्यावर आपण का पडलो हे त्याला कळू दे. तुझ्या पुस्तकात ते फक्त निनादला कळतं." मी म्हणायचे, मग तो बबडू राहणार नाही. तू म्हणायचीस, "करून तर बघ." हा वाद किती रविवार चालला असेल देव जाणे. पांडेजी कॅन्टीनचे दिवे घालवायला लागायचे आणि आपण अजून कुंपणावरून पडणाऱ्या मुलाबद्दल भांडत असायचो. एवढं मजेत मी आयुष्यात दुसऱ्या कुणाशी भांडलेले नाही.

आता पुढचं. हे लिहायला मी सकाळपासून टाळतेय.

गेल्या दिवाळीनंतर तुला दम लागायला लागला. पाठ दुखायची, मागच्या बाजूने, पट्ट्यासारखी. तू डॉक्टरांकडे गेलीस. त्यांनी तुला तपासायच्या आधी वजनकाट्यावर उभं केलं आणि नंतर तपासायची फारशी गरज वाटली नाही त्यांना. दहा-बारा किलो उतरवा, म्हणाले, सगळं आपोआप बरं होईल. तू मला येऊन सांगितलंस. मी काय म्हणायला हवं होतं, हे आज मला चांगलं सुचतं. तेव्हा मी म्हणाले, "बरोबरच सांगताहेत, शमीम. चल, आपण चालू या रोज." आपण आठवड्यातून तीनदा इंडिया गेटच्या बाजूला चालायला लागलो, तोंडाला मास्क लावून, त्या डिसेंबरच्या धुरकट हवेत. तू दर बाकावर बसायचीस. मी घड्याळ बघत उभी राहायचे आणि तुला उठवायचे.

आणि तू उतरायला लागलीस. महिन्याभरात कुडते सैल झाले. मंडळाच्या तिळगुळाला बायकांनी तुला घेरलं: काय करतेस, आम्हालाही सांग, दहा वर्षांनी लहान दिसतेस. मी बाजूला उभी राहून श्रेय घेत होते. मी सगळ्यांना सांगितलं, "आम्ही चालतो." तू माझ्याकडे बघितलंस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "विजू, मी काही करत नाहीये, तरी उतरतंय."

मी म्हणाले, "मग नशीबवान आहेस."

तुझ्या अंगठीला तू पांढरा दोरा गुंडाळला होतास, बोटातून निसटू नये म्हणून. तो मला दिसला होता. सहा पुस्तकं मी असल्याच गोष्टींवर लिहिली: चपलेला लागलेला चुना, उलटी लावलेली गुंडी, दोरा. पुरावा माझ्यासमोर टेबलावर ठेवलेला होता, तू स्वतःच्या तोंडाने त्याचा अर्थही सांगितला होतास आणि मी तो माझ्या पुस्तकांसारखाच वाचला. जाड बाई बारीक झाली म्हणजे शहाणी झाली. त्यापलीकडे मी गेले नाही.

सनाने मार्चमध्ये तुला दुसरीकडे नेलं तेव्हा पोटात मागच्या बाजूला गाठ निघाली. चार महिने आधी आला असतात तर करण्यासारखं बरंच होतं, असं त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी उशीर का झाला, असं विचारलं नाही. मीच मनातल्या मनात विचारत राहिले.

दवाखान्यातल्या त्या दुपारी तू खूप थकलेली होतीस, तरी मी सातव्या पुस्तकाची पानं वाचून दाखवावीत असा तुझा हट्ट होता. मी खिडकीचा प्रसंग वाचला. बबडू अडकला, समोसा पडला, निनादने कोडं सोडवलं. तू डोळे मिटून ऐकत होतीस. संपल्यावर म्हणालीस, "अदलाबदल कर."

"बबडूची आणि निनादची?"

"तुझी आणि माझी. डिसेंबर महिना. तू दम लागतो म्हणतेस. तू दोन महिन्यांत नऊ किलो उतरतेस. वाच."

मी वाचलं, शमीम. मनात वाचलं. मी, आधीच काडी, नऊ किलोंनी उतरले असते तर पहिल्या आठवड्यात माझ्या नवऱ्याने मला उचलून नेलं असतं, त्याच डॉक्टरांनी दहा तपासण्या लिहून दिल्या असत्या, आणि तिळगुळाच्या बायका एकमेकींच्या कानात कुजबुजल्या असत्या. आणि तू मला चालायला नेलं नसतंस. हे मला सगळ्यात स्पष्ट दिसलं. तू मला चालायला नेलं नसतंस.

तुझ्या आवाजात राग असता तर मी रडून मोकळी झाले असते. तू नकाशातली चूक दाखवावी तसं दाखवलंस, आणि माझा हात हातात घेतलास, म्हणजे दाखवलंस तेही मला सांभाळत. मला माफ कर म्हणायचं होतं. मी पानं आवरली आणि म्हणाले, पुढच्या रविवारी बोलू. तो रविवार आपल्याला मिळाला नाही. म्हणून इथे लिहून म्हणते, वाचतील त्या सगळ्यांच्या देखत: चूक झाली, शमीम. तू मला तुझ्या दुखण्याबद्दल सांगत होतीस आणि मी तुझं वजन ऐकत होते. मला माफ कर.

तुझ्या जियारतीला, तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला, गुरुग्रामच्या सतराव्या मजल्यावर मंडळाच्या बऱ्याच जणी आल्या होत्या. सोफ्यावरची एक मला म्हणाली, "एवढं शरीर असूनही किती तल्लख होत्या ना शमीमताई." तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तिचे डोळे भरलेले होते. मी म्हणाले, "हो, आणि मी एवढी बारीक असूनही किती मठ्ठ." तिने मला पाण्याचा ग्लास आणून दिला. धक्क्यातून सावरले नाहीये असं वाटलं असेल. सना मात्र स्वयंपाकघराच्या दारातून हसली, अगदी तुझं हसू, आणि मला त्या घरात पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

त्यानंतर प्रकाशकांचा तो फोन आला, आणि तीन दिवस मी सातवं पुस्तक पुन्हा लिहीत बसले. आता ऐक.

कॉलनीतल्या पेंडसेकाकू बारीक होताहेत. सगळे त्यांचं कौतुक करतात. निनादची आई त्यांना डाएट विचारते. निनाद भिंग घेऊन चोरीला गेलेल्या सायकलीमागे धावतोय, आणि त्याचा तर्क अचूक आहे, आणि तो चुकीच्या गोष्टीमागे आहे. पहिल्या खर्ड्यात बबडूच्या लक्षात येतं की काकूंचा डबा उष्टा परत जातो. मी ते वाचलं आणि तुझा आवाज ऐकू आला: "परत खाणंच?" मग ते खोडलं. आता बबडू बघतो की काकू दुसऱ्या मजल्याला जाताना दोनदा थांबतात, आणि त्यांच्या अंगठीला दोरा आहे. लोक माणसाच्या अंगाकडे बघून काय काय बोलतात ते त्याला जन्मापासून ऐकून माहीत आहे, म्हणून तो लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देत नाही आणि दोऱ्याकडे देतो. तो काकूंना सरळ विचारतो, "काकू, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" सबंध पुस्तकात हे दुसरं कुणीच विचारत नाही.

काकू डॉक्टरांकडे वेळेवर जातात, एवढंच मी लिहिलंय. त्या वाचतात का, ते लिहिलेलं नाही. तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

आणि बबडू कुंपणावरून पडतो. चांगला दणकून पडतो, मुलं पोट धरून हसतील असा पडतो. उठताना म्हणतो, उजवा पाय आधी टाकायला हवा होता. दुसऱ्या वेळी तो उजवा पाय आधी टाकतो. म्हणजे वादाचा निकाल असा लागला की पडणं माझं राहिलं आणि कळणं तुझं. समोसाही ठेवलाय, पण तो निनाद खातो. त्याला भूक लागते हे सहा पुस्तकांनंतर त्याच्या लक्षात आलंय. उद्या मी पुण्याला फोन करून मुखपृष्ठ बदला म्हणून सांगणार आहे. ते म्हणतील, बबडूची ओळखच ती आहे, मुलांना तो तसाच हवा असतो. मी म्हणेन, चौदा वर्षांपूर्वी एका मुलीला तो तसा नको होता आणि मी तिच्यापुढे सहीसाठी पेन काढलं होतं. नाही ऐकलं तर पुस्तक दुसरीकडे जाईल. मला भीती वाटत नाहीये, हे तुला कळावं म्हणून सांगते.

आज सकाळी मी सनाला कॅन्टीनमध्ये बोलावलं. ती कॅब करून आली, ऑफिसचा लॅपटॉप खांद्याला, डोळ्यांखाली काळं. चोवीस वर्षांची पोर, हाताखाली तिच्याहून मोठी माणसं, आणि अजूनही मराठी बोलताना मध्येच अडते. आपल्याच टेबलावर बसलो. मी तिला दोऱ्याचा प्रसंग वाचून दाखवला. तिने ते पान माझ्याकडून घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "मावशी, ही अम्मीची अंगठी आहे ना?"

मी हो म्हणाले. तिने पर्समधून ती अंगठी काढून दाखवली, दोरा तसाच होता. "मला वाटलं फक्त मीच बघितलं होतं," ती म्हणाली. "मी पण काही बोलले नाही, मावशी. मला वाटलं, चलो, अम्मी खूश आहे." मग आम्ही दोघी रडलो, कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर. तुझी मुलगी इतके दिवस माझ्याएवढंच ओझं एकटी घेऊन फिरत होती, आणि मी तिला विचारायला गेले नव्हते. ते मी तिला सांगितलं. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "बबडू मस्त झालाय, यार. अगदी पहिल्यांदाच."

तेवढ्यात पांडेजी आले. सनाने त्यांना तुझं सांगितलं. त्यांनी खांद्यावरचा नॅपकिन काढून हातात घेतला, मग ते न विचारता आत गेले आणि आपली नेहमीची ऑर्डर घेऊन आले. मिसळ त्यांनी सनापुढे ठेवली, बिनसाखरेचा चहा माझ्यापुढे. सनाचा हात लगेच बशीकडे गेला. ती बशी माझ्याकडे सरकवायला लागली, एक शब्द न बोलता, तू करायचीस तसंच, आणि मला कळलं की हे तिने लहानपणापासून कुठे कुठे केलं असेल.

मी तिचा हात धरून थांबवला.

"पांडेजी," मी म्हणाले, "मिसल मेरी है. हमेशा से मेरी ही थी. वो तो बस चाय पीती थीं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बशीकडे बघितलं. "दूसरी प्लेट भी?"

"दूसरी भी."

"मैडम ने तो कभी बोला नहीं," ते म्हणाले.

"बोलना मुझे था," मी म्हणाले.

पांडेजींनी बशी उचलून माझ्यापुढे ठेवली आणि चहा सनाकडे दिला. मग मी चमचा घेतला, शमीम, आणि थंड व्हायच्या आत खाल्ली.